मंजुळेच्या मनातली अढी

मंजुळेच्या डाव्या पायाची दोन बोटं तिच्या नवऱ्याने, ज्योतीरामने, हातोडीने फोडली, आणि मंडळीने ठरवलं की मंजुळेच्या मनात अढी आहे.

हे असं कसं झालं, ते सांगायला हवं. काळेवाडीतली ही मंडळी ख्रिस्ती, मेनोनाइट पंथाची. आजूबाजूच्यांना हा शब्द उच्चारता यायचा नाही, म्हणून ते यांना सरळ 'पाय धुणारे' म्हणायचे. मारुतराव साळवे तरुणपणी मध्य प्रदेशात धमतरीला मेनोनाइट लोकांत राहून शिकले, मग कारखाने निघाले तसे फिटर म्हणून पिंपरीला आले, आणि नगर-जालन्याकडून पोटामागे आलेली पाच-पंचवीस ख्रिस्ती घरं गोळा करून पत्र्याच्या एका लांबट खोलीत पाळक, म्हणजे त्यांचे धर्मोपदेशक, होऊन बसले. नेम कडक. शपथ घ्यायची नाही, कोर्टकचेरी करायची नाही, हत्यार धरायचं नाही, कुणी मारलं तरी उलटून हात उचलायचा नाही. आणि वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, एकमेकांचे पाय धुवायचे. पुरुषांनी पुरुषांचे, पडद्याआड बायकांनी बायकांचे.

पाय धुण्याच्या आधीचा आठवडा समेटाचा. कुणाशी वाकडं असेल तर ते त्या आठवड्यात मिटवायचं. ज्याचं मिटलं नाही, त्याने पाय धुवायला बसायचं नाही. म्हणजे जो बसला नाही त्याच्या मनात काहीतरी अढी आहे, हे ओघानंच आलं. पायालाच काही झालं असेल, हे एवढ्या भल्या माणसांत एकाच्याही डोक्यात येऊ नये!

शालनबाईच्याही आलं नाही. शालनबाई म्हणजे बायकांच्या भगिनी मंडळाची पुढारीण. पन्नाशीची विधवा, हाडापेराने दणकट, नवरा गेल्यावर एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून तिने दोन मुली उजवल्या होत्या. गुरुवारी दुपारी तिच्या खोलीत बायका जमत, वचन वाचत, गात, आणि जुन्या साड्या-चादरींचे तुकडे जोडून गोधड्या शिवत. त्या गोधड्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाला जायच्या. मंजुळेसारखे रंग जुळवणारी त्यांच्यात दुसरी नव्हती. विटक्या चिंध्यांतून ती असं काही उभं करायची की शिवून झालेली गोधडी देऊन टाकताना बायकांचा जीव खालीवर व्हायचा. ती यायची बंद झाली तेव्हा शालनबाईला राग आला. कलेचा ताठा चढला पोरीला, असं तिने बोलूनही दाखवलं.

समेटाच्या आठवड्यात ती मंजुळेकडे गेली. ज्योतीराम घरीच होता. हा चिंचवडला फोर्जिंगच्या, म्हणजे तापलं लोखंड ठोकायच्या, कारखान्यात हातोड्यावर काम करायचा आणि रविवारी मंडळीत पेटी वाजवायचा. गळा असा गोड की म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावायच्या. त्याने स्वतः चहा टाकला, मावशी मावशी करत कपबशी हातात दिली. मंजुळा कोपऱ्यात पाय साडीखाली ओढून बसली होती.

"कुणाशी काय वाकडं आसंल तर बोल, मंजुळे," शालनबाई म्हणाली. "मन मोकळं कर."

मंजुळेने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "न्हाई मावशी. कुणाशी न्हाई."

"मग मागल्या खेपेला पाय धुवायला का आली न्हाईस?"

मंजुळेने पाय आणखी आत ओढले. तेव्हा शालनबाईने नम्रतेवर चांगलं लांबलचक प्रवचन झोडलं आणि चहा संपवून निघून आली. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा चहा, पुन्हा प्रवचन. या खेपेला मारुतरावांनी ज्योतीरामला सगळ्यांदेखत सांगितलं, "भाऊ, घरच्या माणसाला प्रेमानं समजवा." ज्योतीरामने मान खाली घालून हो म्हटलं. आणि घरी जाऊन समजावलं.

त्या रविवारी तो मंजुळेला दंडाला धरून घेऊन आला. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पडद्याआड शालनबाई परात घेऊन मंजुळेसमोर बसली. पोर आली, अढी सुटली, म्हणून तिला भरून आलं होतं. तिने मंजुळेचा डावा पाय हातात घेतला. दोन बोटं चेचून वाकडी जुळलेली. घोट्यावर स्टोच्या तापलेल्या पिनेचे डाग, काही जुने, काही ओले. उजव्या पायाचं अंगठ्याचं नख मुळापासून उपटलेलं, आणि ते कालपरवाचं होतं, कारण पाणी लागताच परातीत लाल धार उतरली. पडद्यापलीकडे ज्योतीराम पेटी वाजवत होता आणि गात होता.

"बोलू नका मावशी," मंजुळा ओठ न हलवता म्हणाली. "मला त्येच्यासंगंच घरी जायचंय."

शालनबाईने पाय धुतले, पुसले, रिवाजाप्रमाणे मंजुळेच्या गालाचं चुंबन घेतलं, आणि परात बाहेर नेऊन ओतली.

दुसऱ्या दिवशी ती मंजुळेच्या शेजारणीकडे गेली. जमिला, स्कूटर मेकॅनिकची बायको, दोघींच्या खोल्यांत एक विटेची भिंत. जमिलाने तिला आत घेतलं नाही, उंबऱ्यातच सुनावलं. "आता आलात व्हय? तुम्ही येऊन चहा पिऊन जाता ना, त्याच संध्याकाळी तिला जास्त मार पडतो. म्हणतो, बाहेर काय सांगितलंस? दोन्ही वेळेला. माझ्या मालकाने दार ठोठावलं तर म्हणतो, हमारे घर की बात है."

शालनबाईने हे ऐकून घेतलं. तिला जमिलाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि जमिनीने गिळावं असंही वाटलं. ती तशीच मारुतरावांकडे गेली.

मारुतराव वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगतो. वाईट असते तर बरं झालं असतं, त्यांच्यावर निदान ओरडता आलं असतं. त्यांचे डोळे पाण्याने भरले. "आपण भावाला पोलिसात देत नाही, शालनबाई," ते म्हणाले. "मी त्याला पुन्हा समजावतो."

"नगा समजावू!" शालनबाई एवढ्या मोठ्याने म्हणाली की मारुतराव दचकले. "तुमच्या पाया पडते, पण आता त्येला कुणी समजावू नगा."

मग तिने आपल्यापुरता उपाय काढला. भगिनी मंडळाची सभा फिरती करायची, म्हणजे मंजुळेच्या घरी. रोज. तो कामावरून यायच्या आधी जाऊन बसायचं आणि तो झोपेपर्यंत हलायचं नाही. दुर्गाबाई आणि सुमनताई लगेच तयार झाल्या. दुर्गाबाई साठीची, बारीक चणीची, दम्याची. सुमनताई बालवाडीची बाई, भित्री, पण आली. कुणी विचारलं तर गोधडी मोठी आहे, आश्रमाला घाई आहे. चार बायका खोलीभर गोधडी पसरून चार कोपऱ्यांवर बसल्या की मारायला जागाच उरणार नाही, असा साधा हिशोब.

आणि तो चालला. आठवडाभर ज्योतीराम यायचा, दारात थबकायचा, मंडळीच्या रिवाजाने "सलाम मावशी" म्हणून खाटेवर बसायचा. बसून मंजुळेच्या हाताकडे बघत राहायचा. त्याच्या जबड्याची हालचाल शालनबाईला दिसायची. मंजुळा मात्र शिवत होती. एकदा ती चक्क दोऱ्यावरून सुमनताईशी भांडली आणि हसली. ते हसू ऐकून ज्योतीराम उठून बाहेर गेला.

शनिवारी तो दिवसाउजेडीच आला. फोरमनच्या थोबाडीत मारली म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. तोंडाला दारूचा भपकारा आणि हातात हातभर लांबीची सळई. दार त्याने आतून लावून घेतलं.

"लई शिवलं," तो म्हणाला. "उठा."

कुणी उठलं नाही. त्याने पहिला घाव मंजुळेच्या पाठीवर घातला. ती आवाज न करता पुढे कोसळली. एवढी सवय झाली होती पोरीला. दुसरा घाव यायच्या आत शालनबाई तिच्यावर आडवी पडली. मग दुर्गाबाई. मग सुमनताईने डोळे गच्च मिटले आणि गोधडी ओढून घेत तीही त्या ढिगावर पडली. हात उलटून उचलायचा नाही, एवढंच त्यांना शिकवलेलं. पण आडवं पडायला कुणाची मनाई होती?

ज्योतीरामने ढीग झोडपला. कोण कुठे आहे हे त्याला दिसत नव्हतं आणि त्याला फिकीरही नव्हती. सळई कापसावर बसली की दबका आवाज यायचा, हाडावर बसली की वेगळा. दुर्गाबाईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा तिने "प्रभू, प्रभू" एवढंच म्हटलं. सुमनताईचे पुढचे दात गोधडीवर पडले. शालनबाईच्या कानातून गरम काहीतरी मानेवर उतरलं. आणि सगळ्यांच्या खाली मंजुळा, तिचा श्वास शालनबाईच्या छातीला लागत होता. तो लागतोय तोवर सगळं ठीक आहे, असं शालनबाई स्वतःला सांगत होती. पलीकडून जमिला भिंत बडवून ओरडत होती.

मग घाव थांबले. दमला, शालनबाईला वाटलं. जिंकलो आपण. तिला खरोखर तसं वाटलं, आणि तेवढ्यात गोधडीवर काहीतरी ओतलं गेलं. पाणी नव्हतं. वास डोक्यात गेला. त्याने स्टोची टाकी उघडून सगळं रॉकेल ढिगावर रिकामं केलं होतं आणि फळीवर काडेपेटी चाचपत होता.

शालनबाई ढिगातून बाहेर आली ती रांगत. कोपऱ्यात पाटा-वरवंटा होता. पहिली काडी त्याच्या हातात मोडली. दुसरी त्याने काडेपेटीवर टेकवली, आणि शालनबाईने दोन्ही हातांनी वरवंटा उचलून त्याच्या मनगटावर घातला. मनगट काटकीसारखं मोडलं. काडेपेटी उडाली. तो वळून डाव्या हाताने तिचा गळा धरायला आला, तेव्हा तिने गुडघा फोडला. तो पडला. जमिनीवर पडून आई आई म्हणू लागला.

इथे तिने थांबायला हवं होतं. आता तो कुणाला काही करू शकणार नव्हता, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी तिने वरवंटा पुन्हा उचलला आणि त्याच गुडघ्यावर पुन्हा घातला. हाड चुरल्याचा आवाज तिच्या तळहातांत आला. त्या क्षणी तिला बरं वाटलं. दोन्ही वेळचा चहा गोड मानून प्याला होता, त्या चहासकट सगळं त्या घावात गेलं. मग सुमनताईने मागून तिला मिठी मारली, आणि जमिलाच्या नवऱ्याने पहारीने दार फोडलं.

पोलिस आले. शालनबाईने सांगितलं, "मी मारलं. तीनदा." हवालदाराने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, बाई, जरा कमी खरं बोला. मंडळीच्या नेमाप्रमाणे बायकांनी फिर्याद दिली नाही, आणि ज्योतीरामनेही दिली नाही. त्याने दिली असती तर रॉकेलचाही विषय निघाला असता. दुर्गाबाई सरकारी दवाखान्यात पडली, मंजुळेच्या बरगड्यांना पट्टा बांधला, आणि ती शालनबाईच्या खोलीत राहायला आली. दोघी एका छपराखाली, पण मंजुळा कामापुरतं बोलायची. शालनबाई वाट बघायची. कशाची, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

महिन्याने मंडळीची सभा भरली. पेटी कोपऱ्यात झाकून ठेवलेली. मारुतराव उभे राहिले. या महिन्याभरात ते दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले होते.

"भाऊ ज्योतीरामने दवाखान्यातून निरोप धाडलाय," ते म्हणाले, "की त्याने शालनबाईंना माफ केलंय." खोलीत कुणीतरी आमेन म्हटलं. शालनबाईने त्या दिशेला अशी नजर टाकली की दुसरं आमेन घशातच राहिलं. "आता शालनबाईंनीही मंडळीपुढे पश्चात्ताप सांगावा. आपण हात उचलणारे लोक नाही. दोघांचा समेट झाला म्हणजे मग मंजुळेलाही तिच्या घरी…" त्यांनी झाकलेल्या पेटीकडे पाहिलं.

शालनबाई उठली. एका कानाने तिला आता ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ती जरा मोठ्यानेच बोलली.

"पहिले दोन घाव मी पुन्हा घालीन. त्येची माफी मागत न्हाई. तिसरा रागाचा व्हता, त्येचं माझं आन् देवाचं काय ते बघू. पण मला माफी मागायचीय." ती पुरुषांच्या बाजूला वळलीच नाही. ती बायकांच्या बाजूला, शेवटच्या चटईवर बसलेल्या मंजुळेकडे वळली. "मंजुळे, मी दोनदा तुझ्या घरी आले. तुझा पाय माझ्याम्होरं व्हता. मी तुला इचारलं न्हाई काय झालंय. मी तुला नम्रता शिकवत बसले. मी गेल्यावर तू मार खाल्लास. मला माफ कर."

बायका रडू लागल्या. मारुतरावांचाही चेहरा उजळला. हे त्यांना ओळखीचं होतं. आता मंजुळा उठणार, मावशीच्या गळ्यात पडणार, गाणं होणार. त्यांनी हात पुढे केला. "ऊठ, मुली. सांग, माफ केलं म्हणून."

मंजुळा उठली. लंगडत शालनबाईसमोर आली.

"आज न्हाई जमायचं मावशी," ती म्हणाली.

मारुतराव घाईने म्हणाले, "मुली, प्रभूने सांगितलंय की…"

"पाळकसाहेब," शालनबाई म्हणाली, "तिला बोलू द्या. ती पहिल्यांदाच बोलतीय."

"खोटं कसं म्हणू?" मंजुळा म्हणाली. "तुमी माझ्या अंगावर पडलात, ते मी मरेस्तोवर विसरायची न्हाई. पण त्या दोन संध्याकाळीबी मला विसरता येत न्हाईत. जमंल तवा सांगीन. आज इचारू नका."

"न्हाई इचारत," शालनबाई म्हणाली.

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. मंजुळा आपल्या जागेवर परत गेली नाही. बरगडीवर हात दाबत, दुखरा पाय सांभाळत, ती तिथेच शालनबाईच्या शेजारी चटईवर बसली.