जाकिटावरचा नंबर

तर ऐका, आणि मध्ये बोलू नका, कारण मध्ये बोललात की माझा क्रम चुकतो आणि मुळात तो मलाच अजून नीट लागलेला नाही. मी आणि दुवान, दोन मोटरसायकली, चार दिवस, डोंगरात तंबू ठोकून राहायचं, एवढंच ठरलं होतं. हिरव्या तळ्यापर्यंत जायचं, तळ्यात पाय घालायचे, थंडीने बोंबलायचं आणि परत यायचं. तळं काही आम्हाला दिसलं नाही. आणि वरच्या डोंगरातल्या एका म्हातारीचं औषध शुक्रवारी संपणार होतं, पुढचं आमच्या गाडीवर होतं, माझ्या एका 'होय बाई'मुळे होतं, आणि ती म्हातारी आहे की तरुण, कुठल्या गावची, नाव काय, काही म्हणजे काही आम्हाला माहीत नव्हतं.

थांबा, सुरुवातीपासून.

दुवान म्हणजे आपल्या मागच्या गल्लीतला, टायरच्या दुकानात काम करतो तो, बोलतो कमी आणि खातो जास्त. त्याने गाडी घेतली पण जाकीट आणि हेल्मेट घ्यायला हात आखडला. आता जाकिटाच्या पाठीवर आणि हेल्मेटवर आपापल्या गाडीचा नंबर लागतोच, नाहीतर पोलीस पावती फाडतात. याने दोन्ही रविवारच्या बाजारातून जुनी उचलली, त्यावर दुसऱ्याच कुणाचा नंबर, केझेडटी एकतीस, एवढी मोठी चमकती अक्षरं. मी म्हणालो, अरे खरवडून काढ. तो म्हणाला, कशाला, वर चिकटपट्टी मारू आणि पट्टीवर माझा नंबर लिहू. बुधवारी सकाळी आम्ही आपलं सोगामोसो सोडलं आणि अकराच्या पावसात दोन्ही पट्ट्या गेल्या. मला मागून दिसत होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, डोंगरात कोण बघतंय.

सगळे बघत होते.

पहिल्या दिवशी दुपारी, चढ संपतो तिथे, कांद्याच्या शेतातून एक माणूस धावत आला, अंगावरची लोकरीची रुआना एका खांद्यावरून घसरलेली, काखेत गोणपाट. गोणपाटातून कोंबडीचं डोकं बाहेर. दुवान गाडी थांबवून हातमोजे पिळत होता, हेल्मेट डोक्यावर, काच खाली, गळ्याला फडकं. त्या माणसाने काही न विचारता गोणपाट त्याच्या सीटमागे बांधलं, गाठ ओढून बघितली, म्हणाला, "लुक्रेसियाला, नेहमीप्रमाणे," आणि परत शेतात. वर एक जुडी कांद्याची पातही खोचली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मला वाटलं, काय माणसं आहेत राव या भागातली, अनोळखी पोरांना कोंबडी देतात. लुक्रेसिया म्हणजे मला वाटलं कुठली तरी संत असेल, तिच्या नावाने दान वगैरे. दुवान म्हणाला, आपल्याकडे अशी संत नाही. मी म्हणालो, तुला सगळ्या माहीत आहेत का.

संध्याकाळी ओढ्याच्या काठी तंबू लावला. कोंबडी खायची असं माझं मत. दुवानला ती मारवेना, मलाही मारवेना, मग आम्ही बटाटे उकडले आणि कोंबडीलाही दिले. पुढचे दोन दिवस ती आमच्याबरोबर आली, हे लक्षात ठेवा.

गुरुवारी सान लाझारो नावाच्या गावात न्याहारीला थांबलो. दुवान आत रस्सा ओरपत होता. मी बाहेर गाड्यांपाशी मक्याचा आरेपा खात उभा होतो, अर्धा झोपेत, कारण रात्रभर ती कोंबडी माझ्या पायाशी कुरकुरत होती. त्याचं जाकीट आरशावर वाळत टांगलेलं, नंबर रस्त्याकडे. समोरच्या औषधाच्या दुकानातून पांढऱ्या कोटातल्या एक बाई आल्या, हातात थर्मास. त्या भरभर बोलत होत्या. गाडी बदलली वाटतं? मी म्हणालो, होय बाई. तू त्याचा भाऊ का? होय बाई. आता तुम्ही हसताय, पण तुमच्यातल्या एकाने तरी सांगावं की मोठं माणूस बोलत असताना तुमच्या तोंडून दुसरं काही निघतं. आपल्याला जन्मल्यापासून तेच शिकवलंय. ऐकू येवो न येवो, आधी होय बाई. तर त्या म्हणाल्या, दोन आठवडे कुठे होतात, तिचं शुक्रवारी संपतंय, शुक्रवारच्या पुढे जाऊ देऊ नका. मी म्हणालो, होय बाई. त्यांनी थर्मास दुवानच्या पिशवीत नीट उभा ठेवला, माझ्या गालावर थापटलं, आणि गेल्या.

मला वाटलं, कॉफी दिली.

खरंच वाटलं. कोंबडी देतात तर कॉफी का देणार नाहीत.

संध्याकाळी पारामोच्या कडेला, जिथे झाडं संपतात आणि नुसतं गवत आणि धुकं उरतं, तिथे तंबू ठोकून मी दुवानला म्हणालो, चल, कॉफी पिऊ. थर्मास उघडला. आत बर्फ आणि बर्फात पिशवीत गुंडाळलेल्या काचेच्या चार छोट्या बाटल्या. दुवानने एक उचलून वाचली आणि परत ठेवली, अंडं ठेवावं तितक्या हळू. त्याच्या मावशीला साखरेचा आजार होता, त्याला माहीत होतं हे काय असतं. इन्सुलिन. त्याने विचारलं, त्या दुकानवाल्या बाईने काय सांगितलं तुला, शब्द न शब्द सांग. मी सांगितलं. त्याने विचारलं, तिचं म्हणजे कुणाचं. मी म्हणालो, मी विचारलं नाही. त्याने झाकण लावलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, "फाबेर, मावशीचं टोचायचं एकदा दीड दिवस राहिलं होतं. मी तिला उचलून जीपमध्ये घातली. हलकी झाली होती कोंबडीसारखी."

आणि मग त्याने जाकीट उलटं करून पाठ बघितली, पट्टी नाही हे बघितलं, आणि तेव्हा कुठे आम्हाला कळलं की ही सगळी माणसं आम्हाला देत नव्हती, केझेडटी एकतीसला देत होती. पण केझेडटी एकतीस कोण? आणि नेहमीप्रमाणे म्हणजे कसं? कुठल्याच वस्तूवर नाव नाही, पत्ता नाही, कारण ज्याला द्यायचं त्याला सगळे पत्ते तोंडपाठ.

शुक्रवारी उजाडताच मागे फिरलो, औषधाच्या दुकानात जाऊन विचारायचं म्हणून. दोन वळणं उतरलो नाही तोच अख्खा डोंगर रस्त्यावर. दरड. पिवळा झेंडा घेतलेला माणूस म्हणाला, उद्या दुपारी उघडेल, देवाची इच्छा असेल तर. मी फोन उंच धरून खडकावर चढलो, एक रेघ येईना. म्हणजे मागे जाता येत नाही, पुढे कुठे जायचं माहीत नाही, आणि वाटभर ती कोंबडी अशी बघतेय की हिलाच तेवढं माहीत आहे.

पुढच्या वस्तीत दुवानने जाकीट पिशवीत कोंबलं. लाज वाटली त्याला, दुसऱ्याचं नाव लावून फिरल्यासारखं. हेल्मेटवर मफलर गुंडाळला. आणि आम्ही दारोदार विचारत सुटलो, इथे साखरेचा आजार कुणाला आहे. आता तुम्हीच सांगा, दोन चिखलाने माखलेली पोरं दारात येऊन घरातल्या आजाऱ्याची चौकशी करतात, तर कोण सांगेल? एका बाईने दार लोटून घेतलं. एका आजोबांनी फार प्रेमाने वर बोट दाखवलं, तिथे गेलो तर गायींचा गोठा. गोठ्यातल्या माणसाने तितक्याच प्रेमाने खाली दाखवलं. माहीत नाही म्हणायचं इथे कुणाच्या जिभेवरच येत नाही, माझ्यासारखंच, सगळे होयवाले. दहा वाजले, मग अकरा. मला काही सुचत नव्हतं. मी कुठून आलो, कुठली वाट आधी केली, सगळं गवत सारखं, सगळं धुकं सारखं.

आणि एका कुंपणापाशी दुवान गाडी बंद करून बसला तेव्हा मी ते बोललो. कसं सुचलं माहीत नाही. म्हटलं, आपल्याला ती माहीत नाही, पण तिला आपण माहीत आहोत. म्हणजे आपण नाही, नंबर. आपण शोधायचं कशाला? जाकीट घाल आणि हळू चल. जिला हवंय ती बाहेर येईल.

दुवानने पिशवीतून जाकीट काढलं, झटकलं, घातलं. हेल्मेटवरचा मफलर सोडला. आणि आम्ही पहिल्या गियरमध्ये, दर वळणाला भोंगा वाजवत, निघालो.

आणि काय सांगू, धुक्यातून माणसं उगवायला लागली. जिथे तासभर हाका मारून कुणी निघालं नव्हतं, तिथल्याच दारांतून. एकाला त्याचे शिवायला दिलेले बूट हवे होते. एकीने दुवानच्या गुडघ्यावर चापट मारून विचारलं, माझ्या चिठ्ठीचं उत्तर कुठंय. सगळे रागावलेले आणि सगळे खूश. ज्या बाईने आमच्या तोंडावर दार लोटलं होतं, ती तर हात पसरून पळत आली, गोणपाट बघितलं आणि म्हणाली, "आली माझी कोंबडी." ती लुक्रेसिया. माझी संत.

तिला दुवानने काच वर करून तोंड दाखवलं. ती दोन पावलं मागे गेली. मग तिनेच सांगितलं, की केझेडटी एकतीस म्हणजे आनाक्लेतो, अकरा वर्षं दर गुरुवारी खालून वर सामान आणायचा, आणि दोन आठवड्यांपूर्वी एक अक्षर न बोलता राजधानीकडच्या फुलांच्या शेडमध्ये कामाला गेला. तोंडावर सांगितलं असतं तर आम्ही जाऊ दिलं नसतं ना त्याला, असं म्हणाली. दुवानने थर्मास दाखवला. तिने कपाळाला हात लावला. "त्रान्सितो आजीचा. शेवटचं घर, रस्ता संपतो तिथे. पोरांनो, इथे काय उभे राहिलात."

तो शेवटचा रस्ता मला आठवतच नाही. दगड, चिखल, दोनदा मी पडलो, एकदा गाडी माझ्यावर. रस्ता संपला तिथे दुधाचे कॅन ठेवायचा दगडी कट्टा होता आणि कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती, दोन रुआना पांघरून, टोपी डोळ्यांपर्यंत. मांडीवर रिकामा थर्मास. अगदी तसाच, लाल झाकणाचा. भोंगा ऐकून कधीची येऊन बसली असणार.

दुवान उतरला. म्हातारीने आधी रिकामा थर्मास त्याच्या हातात दिला, मग भरलेला घेतला, कानाशी हलवून बर्फ वाजतोय का बघितलं, झाकण उघडून चार बाटल्या मोजल्या. हे सगळं झाल्यावर वर बघितलं.

"दोन गुरुवार," ती म्हणाली. "सकाळी शेवटची टोचली. उद्या मेले असते तर कोंबड्या कुणी कोंडल्या असत्या?"

दुवानने हेल्मेट काढलं.

तिने टोपी वर सारून बघितलं त्याच्याकडे. "तू आनाक्लेतो नाहीस."

"नाही, आजी."

"मग त्याचं जाकीट तुझ्या अंगात कसं?"

दुवान म्हणाला, बाजारात घेतलं. मला वाटलं आता हा सगळं सांगेल, चिकटपट्टी, पाऊस, मी, माझं होय बाई, दरड. मी मान खाली घालून तयारच होतो. पण तिने हातानेच थांबवलं त्याला. तिला त्यातलं काही नको होतं. आधी आत गेली, टोचून घेतलं, मग बाहेर येऊन आम्हाला गुळाचं पाणी आणि चीजचा एक एक तुकडा दिला, आणि दुवानच्या जाकिटाची पाठ आपल्या हाताने पुसली, नंबर दिसेपर्यंत.

"पुढच्या गुरुवारी येशील ना?"

आणि दुवान म्हणाला, "होय, आजी."

मी काय समजायचं? मला वाटलं, म्हणतात तसं म्हणाला. मी नाही का दिवसभर म्हणत. शनिवारी दरड उघडली, आम्ही उतरलो, तळ्याचा फाटा डाव्या हाताला गेला, त्याने मान वळवूनही बघितलं नाही. मी म्हटलं दमला असेल.

पुढच्या गुरुवारी मी टायरच्या दुकानात गेलो तर तो नाही. घरी गेलो तर त्याची आई म्हणाली, पहाटेच निघाला, तुझ्याबरोबर नाही का? आता चौथा गुरुवार झाला. पोलिसांनी दोनदा पावती फाडली, कारण गाडीवर एक नंबर आणि पाठीवर दुसरा. मालकाने गुरुवारचा पगार कापला. मी त्याला विचारतो, अरे पण का, तुझी कोण लागते ती? तर म्हणतो, दुकानात थर्मास परत द्यायचा असतो ना रिकामा. हे काय उत्तर झालं? लुक्रेसिया माझ्यासाठी अंडी पाठवते, त्यातली निम्मी फुटून येतात. तो ती पिवळी बोटं घेऊन माझ्या दारात उभा राहतो आणि इतका खूश दिसतो, की माझं डोकंच चालत नाही.

काल मी विचारलं, तळं कधी बघायचं. म्हणाला, गुरुवार सोडून कधीही. मग तो आणखी काहीतरी बोलत होता, सामान फार होतंय, एक गाडी पुरत नाही, असलं काहीतरी. माझं लक्ष त्या अंड्यांकडे होतं. आणि ऐकायच्या आधीच माझ्या तोंडून होय निघून गेलं.