‘कुलीन’ उमटवणारा टाइपरायटर

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे, मराठी अक्षरांचा. १९६३ साली मी नागपुरात, महाल भागातल्या गोपाळरावांच्या दुकानात आलो. एरवी ते अर्ज टाइप करत. लग्नसराई जवळ आली, की मुलामुलींच्या माहितीचे कागद करून घ्यायला लोकांची रांग लागे.

त्या कागदांवर नाव आणि शिक्षण यांच्याही आधी एक शब्द असे, कुलीन. ‘कुलीन घराण्यातील कन्या.’ कोणी अर्थ विचारला, तर गोपाळराव सांगत, “कुलीन म्हणजे मोठ्या, नावाजलेल्या घराण्यात जन्मलेला.” तो शब्द कोणाला शोभतो, हेही मग तेच ठरवत.

एकदा लहानू नावाचा सायकलरिक्षावाला आला.

“मालक, तो पहिला शब्द माह्या पोरीलेही लावा ना.”

“तुले काय करायचा गा तो? रिक्षावर लावतो का?” गोपाळराव म्हणाले. सगळे हसले. लहानू मान खाली घालून त्या शब्दाविनाच कागद घेऊन गेला. खरं सांगतो, तेव्हा मलाही त्या शब्दाचा गर्व वाटला होता.

गोपाळराव आणि सिंधूताईंना मूल नव्हतं. मी येण्याच्या काही वर्षं आधीच त्यांनी अनाथालयातून दोन महिन्यांची मुलगी आणली होती. तिचं नाव चारुशीला. मोठी होऊन ती शिक्षिका झाली. १९७९ साली तिच्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी लग्नाची बोलणी सुरू झाली. दोघांची एकमेकांना पसंती होती. मुलाचे मामा, भैयाजी, दुकानात आले.

“पोरीची हकीकत मले माहीत आहे,” ते हळूच म्हणाले. “पण माही बहीण जुन्या वळणाची. कागदावर कुलीन दिसलं, का ती काही विचारणार नाही. टाका लिहून.”

गोपाळरावांनी कागद चढवला. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ते तिथंच राहिलं.

“काहून थांबले जी? एक शब्द तं आहे!”

चारुशीला डबा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“बाबा, मी कोणत्या घराण्यातली, हे तुम्हाले तरी माहीत आहे का?”

“माह्या घरातली.”

“मंग तेवढंच लिहा.”

त्यांनी लिहिलं, ‘चारुशीला. सिंधूताई व गोपाळराव यांची मुलगी.’ भैयाजींनी कागद वाचला, घडी केली आणि टेबलावरच ठेवला.

“आपल्याच हातानं मोडलं तुम्ही,” म्हणाले आणि गेले.

लग्न मोडलं. चारुशीला रोज त्या शिक्षकाच्या शेजारच्या वर्गात शिकवत राहिली. गोपाळरावांनी पुन्हा लग्नाचा एकही कागद केला नाही. लहानूला शोधत ते दोनदा त्याच्या नंदनवनातल्या वस्तीकडे जाऊन आले. तो भेटला नाही.

एकदा त्यांनी मुलीला विचारलं, “बाई, लिहून टाकाले पाहिजे होतं का वं मी?”

“नाही, बाबा.”

पण हे दोन शब्द यायला फार वेळ लागला.

आता गोपाळराव नाहीत. माझी शाईची फीत वाळली आहे. मित्रांनो, मला तेल घाला असं मी म्हणत नाही. एवढंच करा. वर्गात नवी मुलगी आली, की ‘तू कोणाकडची?’ असं विचारत बसू नका. थोडं सरका आणि तिला बाकावर जागा द्या.