नानांनी हाक मारली नाही, तो दिवस

मी एक जुनी मांजर आहे. अंगाने पांढरी, शेपटीने राखी आणि डाव्या डोळ्याने थोडी धुरकट. मित्रांनो, माझे वय मला नक्की सांगता येणार नाही. फैजपूरच्या बाहेर ज्या हिवाळ्यात ती मोठी सभा भरली आणि बांबूच्या झोपड्यांचे गावच्या गाव उभे राहिले, त्या हिवाळ्यात मी जन्मले असे लोक म्हणतात. मला काही ते आठवत नाही. माझी गोष्ट बरीचशी अशीच आहे. अर्धी मी पाहिली, अर्धी मागाहून ऐकली, आणि दोन्ही जुळवताना माझा अजून गोंधळ उडतो. तेवढे सांभाळून घ्या.

केळीच्या मळ्यात, वाळलेल्या पानांच्या ढिगाखाली मी नानांना सापडले. माझ्या आईने माझी भावंडे तोंडात धरून कुठेतरी नेली होती. ती मला विसरली होती की पुढच्या खेपेला नेणार होती, हे मला कधीच कळले नाही. नानांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग मला धोतराच्या सोग्यात घेतले आणि घरी आणले.

नानांचे पूर्ण नाव उखर्डू. त्यांची बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन जामनेरला गेली होती. घरात ते एकटेच. ते फार कमी बोलत. माझ्याशी मात्र बोलत. त्यांनी माझे नाव ‘बाई’ ठेवले. मळ्यातून आले की दारातूनच विचारत, “बाई, जेवली का?” मग भाकरी दुधात कुस्करून माझ्यापुढे ठेवत, आणि मी खाऊ लागले की आपले ताट घेत.

शेजारच्या कमलबाईला याचे फार हसू येई. ती वयाने नानांच्या मुलीएवढी. तोंडाने फटकळ, पण रोज सकाळी नानांच्या घरचे पाणी तीच भरी.

“नाना, ह्या बाईसंगं बोलता तेवढं मानसाइसंगं बोलले असते तं सरपंच झाले असते,” ती म्हणे.

“मानसं मधीच बोलतात व कमल,” नाना म्हणत. “हे आयकून घेते.”

माझे कामही मोठे होते. घरात ज्वारीची कणगी होती, बैलांसाठी सरकीची पोती होती, आणि खुंटीला मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीतले पाणी ओढायचा जाड दोर, टांगलेला असे. उंदरांना कातड्याचा आणि दोराचा फार सोस. मी आल्यावर नानांचा नाडा एकदाही कुरतडला गेला नाही. भाऊबंदांपैकी जीवराम एकदा मला मागायलाही आला होता. “आठ दिवस द्या, उंदरं संपले का आनून देतो.” नानांनी दिले नाही. त्या दिवशी मला फार थोर वाटले होते.

मग मी आजारी पडले. लढाई चालू होती, रॉकेल मिळेनासे झाले होते, त्या सुमाराची गोष्ट. आधी मला शिंका येऊ लागल्या. मग डोळे चिकटले. मग दुधाचा वाससुद्धा येईना. तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, आम्ही मांजरे आधी नाकाने जेवतो, तोंडाने नंतर. वास गेला की अन्न समोर असूनही ते अन्न आहे असे पटत नाही. नाना वाटी पुढे करत, आणि ते काय करत आहेत हे मला समजत नसे.

त्यांनी खूप उपाय केले. कमलबाईच्या सांगण्यावरून कापसाची वात भिजवून एरंडेल पाजले. कडुनिंबाची धुरी दिली. मीठमिरच्या ओवाळल्या. ज्या हातांनी दूध मिळत असे त्याच हातांनी आता माझे जबडे उघडले जात. मी एकदा त्यांना चावलेसुद्धा. नाना रागावले नाहीत, याचे मला जास्त भय वाटले. गावात गुरांचा डॉक्टर बैलांना लस टोचायला आला, तेव्हा नाना मला पाटीत घालून बैलांच्या रांगेत सर्वांच्या शेवटी उभे राहिले. लोक हसले. डॉक्टर हसला नाही. त्याने माझा डोळा उघडून पाहिला, एक भुकटी दिली आणि म्हणाला, “उबेत ठेवा. बाकी तिच्यावर आहे.” माझ्यावर काय होते, ते मला समजले नाही.

आठव्या की नवव्या दिवशी मी मान उचलीनाशी झाले. तेव्हा कमलबाई उंबऱ्याशी बसून हळूच म्हणाली, “नाना, तुमी कसे जगले ते ईसरले का?”

पुढचे मला तेव्हा कळले नव्हते; मागाहून कळले ते येथेच सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखा गोंधळ होईल. नानांच्या आधी त्यांच्या आईची चार मुले गेली होती. पाचवे नाना. तेव्हा त्या माउलीने आमच्याकडची रीत केली. तान्ह्या मुलाला सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिले. म्हणजे हे मूल आम्हाला नको, ते केरकचरा आहे, असे यमाला वाटावे आणि त्याने तिकडे पाहू नये. मग शेजारणीने ते मूल उचलायचे, ‘मला सापडले’ म्हणत दारी आणायचे, आणि आईने पसाभर ज्वारी देऊन ते विकत घ्यायचे. असे वाचलेल्या मुलाचे नाव उखर्डू, म्हणजे उकिरड्यावरचा, असे ठेवतात. पण त्यात एक कडक नेम होता. टाकणाऱ्याने मागे वळून पाहायचे नाही, आणि मूल परत दारी येईपर्यंत त्याला नावाने हाक मारायची नाही. हाक मारली की यमाला खरे कळते. नाना उकिरड्यावर रडत होते तेवढा वेळ त्यांची आई दाराआड पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती, असे म्हणतात.

“मांजरीले का मानसाचा नेम लागते?” शेवटी नाना म्हणाले.

“यमाले का मानूस-मांजर समजते? जीव समजते फक्त.”

“लोक हासतील, कमल.”

“बैलाच्या रांगेत उभे राह्यले तवा हासलेच ना? अजून थोडे हासतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मला सुपात ठेवले. मला वाटले, ऊन दाखवायला नेत असतील. घरामागे उकिरड्याशी ते थांबले. कुजत्या शेणाची ऊब मला सुपातूनही लागली. त्यांनी मला उचलून त्या राखेवर आणि पाल्यावर ठेवले. मग कधी मोठ्याने न बोलणारे नाना मोठ्याने म्हणाले, “हे आमची नही. कोनी बी न्या.”

आणि पाठ फिरवून ते निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. आता वळतील, मग वळतील. ते वळले नाहीत. दार लागल्याचा आवाज आला.

मित्रांनो, तुम्हाला रीत ठाऊक आहे, कारण मी ती आधीच सांगितली. मला ती ठाऊक नव्हती. माझे काय चुकले, हेच मी शोधत राहिले. चावले होते, ते? वाटी उलटी केली होती, ते? की उंदीर धरत नव्हते म्हणून? मला काही सापडेना. कमलबाई लगेच येऊन मला उचलणार होती. पण नेमक्या वेळी तिच्या चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले आणि ती ते उतरवायला थांबली. तेवढ्या वेळात मी उठले. कशी उठले, सांगता येत नाही. नको असलेल्या जागी पडून राहणे मला जमले नाही, एवढेच. पाय ओढत मी कडब्याच्या गंजीपर्यंत गेले आणि पेंढ्यांच्या फटीत शिरले. मरायला अशीच जागा लागते.

थोड्या वेळाने कमलबाईचा आवाज आला. “पुस पुस! कुठं गेली व माय? पुस पुस!” मी तिच्या हाकेला जायचे कशाला? मी तिची नव्हते.

मग नाना आले. त्यांची पावले मी हजार पावलांत ओळखीन. ते उकिरड्याभोवती फिरले, गोठ्यात गेले, सरपणामागे वाकले. गंजीपाशी आले तेव्हा त्यांचे पाय मला दिसत होते. पण त्यांच्या तोंडून शब्द नाही. मी कान टवकारून वाट पाहिली. ते एकदा ‘बाई’ म्हणाले असते तर मी तशाही स्थितीत ओरडले असते. ते बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. मला वाटले, ते दुसरेच काही शोधत आहेत.

जीवराम गाडी घेऊन चालला होता. त्याने विचारले, “काय हारपलं हो नाना?”

“काई नही.”

“मंग काई नही येवढा येळ हुडकू राह्यले का?”

“तू जाय ना बापा आपल्या वाटीनं.”

गाडी निघून गेली. ते ‘काई नही’ म्हणजे मीच होते, हे मला कळले, आणि मी डोळे मिटून घेतले. दिवसभर असेच चालले. नाना जात, पुन्हा येत. दुपारी ते गंजीच्या पेंढ्या वरून एकेक काढून बाजूला रचू लागले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी आणखी आत सरकले. त्यांना मी हवी होते की नको, हे मला कोणी सांगत नव्हते.

उन्हे उतरली तेव्हा कमलबाई आली. ती रडत होती. “चूक माही हाये, नाना. त्या दुधाले लागली आग. पन तुमी हाक मारा आता. तुमच्या हाकेशिवाय ते नही यायची.”

“नेम मोडीन.”

“मोडला तं मोडला.”

“माह्या मायनं हाक नही मारली, म्हनून मी जगलो, कमल.” “मी मारली आन् ते मेली तं?”

“आन् नही मारली आन् इथंच कुठं मेली, तं?”

नाना एक पेंढी छातीशी धरून उभे होते. मग त्यांनी ती खाली टाकली. “बाई,” ते म्हणाले, अगदी हळू, आणि मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “बाई! घरी चाल व! मरायचं असलं तं घरी मर!”

मी विचार केला नाही. तोंड उघडले, आवाज फुटला नाही, पण पेंढ्या हलल्या असाव्यात. नानांचे दोन्ही हात आत आले आणि त्यांनी मला बाहेर ओढले. मला छातीशी धरून ते रडू लागले. “मारलं व बाई मी तुले. हाक मारीसन मारलं.” मी आणखीच गोंधळले. टाकून दिले तेव्हा ते रडले नाहीत, आणि घेतले तेव्हा रडत होते.

कमलबाईने डोळे पुसले, मला त्यांच्या हातातून घेतले आणि सरळ सुपात घालून उकिरड्यावर नेले. तेथे टेकवले न टेकवले, तोच उचलून नानांच्या दारी आणले. “उकिरड्यावर सापडली हो! घेनं हाये का कोनाले?”

“आता काय उपेग?” नाना म्हणाले.

“घेनं हाये का नही, तेवढं सांगा.”

नानांनी कणगीतून पसाभर ज्वारी आणली. कमलबाई सुपाकडे पाहून म्हणाली, “येवढ्यात नही द्यायची. कशी धष्टपुष्ट हाये!” तेव्हा माझ्या बरगड्या मोजता येत होत्या. नानांना रडता रडता हसू आले, आणि त्यांनी आणखी एक पसा ओतला.

चौथ्या दिवशी मला दुधाचा वास आला.

मी कशाने वाचले, हे मला विचारू नका. कमलबाई म्हणते, रीत लागू पडली. गावातले कोणी म्हणतात, भुकटी. नाना काहीच म्हणत नाहीत. हाकेमुळे यमाला घर कळले असेल, अशी धास्ती त्यांना पुढे वर्षभर होती, आणि मी नुसती शिंकले तरी ते हातातला घास खाली ठेवत. रीतीप्रमाणे माझे नाव बदलून उखर्डी झाले. चार लोकांत नाना मला त्या नावाने बोलावतात. दार लावल्यावर ‘बाई’ म्हणतात. आता माझ्याने उंदीर धरवत नाहीत, उडी मारवत नाही. मोटेचा नाडा हल्ली उंदीर कुरतडतात. नाना तो सांधतात आणि मला काही बोलत नाहीत.

मित्रांनो, मी शहाणी मांजर नाही. त्या दिवशी नाना दिवसभर माझ्यासाठीच गप्प होते, हे आता मी ऐकून जाणते. पण गंजीत पडले होते तेव्हा त्याचा मला काही उपयोग झाला नाही. तुमच्या घरी एखादा मुका जीव आजारी पडेल. तुम्ही त्याच्या भल्यासाठी कडू औषध पाजाल, त्याला बांधाल, दूर ठेवाल. ते करायला लागत असेल तर करा. पण तुमचे बेत त्याला समजत नाहीत. त्याला तुमचा आवाज तेवढा समजतो. म्हणून पाठ फिरवण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा, आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा. त्याने काय बिघडते आणि काय सुधारते, हे मला अजून ठाऊक नाही. पण त्या एका हाकेसाठी मी मरायचे थांबले होते.