उभ्याने आलेली पॅन्ट

शशिकांत उपळेकरांनी मागवलेली तिसरी पॅन्ट स्वतःच जिना चढून आली. आत पाय होते. भक्कम, तरुण, अनवाणी. पॅन्टचा पट्टा जिथे संपत होता तिथेच ते संपत होते आणि वरून डोकावलं तर करड्या अस्तराशिवाय काही दिसत नव्हतं. पायपुसण्यावर तळवे पुसून ते घरात आले आणि फ्रीजशेजारी जाऊन उभे राहिले.

"हे काय मागवलंत?" निर्मलाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"पॅन्टच मागवली होती," उपळेकर म्हणाले.

त्यांनी खरंच पॅन्टच मागवली होती. अख्खा उन्हाळा ते अंथरुणाला खिळून होते. उठले तेव्हा अंगावरचं मांस उतरलं होतं आणि जुनी एकही पॅन्ट कमरेवर ठरत नव्हती. उद्या केतकीचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न. कापडपेठेतल्या दुकानात जाऊन कपडे घालून बघायच्या त्या एवढ्याशा खोलीत एका पायावर उभं राहून दुसरा पाय आत घालणं त्यांना झेपणार नव्हतं. म्हणून केतकीने मोबाइलवरून मागवली. पहिली घातल्या घातल्या घोट्यांपाशी उतरली. दुसरी गुडघ्यांवर अडकली. दोन्हींवर आकडा एकच होता आणि फोटोत दोन्ही झकास दिसत होत्या. तिसरी मागवताना उपळेकरांनी स्वतः प्रश्नाच्या चौकटीत लिहिलं, 'उभं राहिल्यावर ही कशी बसेल?'

कंपनीने ती उभी करूनच पाठवली.

बसली मात्र सुरेख होती. मांडीवर ताण नाही, मागे झोळ नाही, खालची कड बरोबर टाचेवर टेकलेली. उपळेकर खुर्चीतून बघत राहिले. जेवणं झाली, पाहुण्यांचे फोन झाले, पाय उभेच होते. ना वाकले, ना थरथरले. उपळेकरांना आंघोळीहून येतानासुद्धा मध्ये भिंत धरावी लागायची.

"त्यांना म्हणावं, पॅन्ट काढून द्या आणि जा," निर्मलाबाई म्हणाल्या.

"ऐकायला कान कुठायत त्यांना?"

केतकीने बटणाला हात लावला तर पाय संकोचून एक पाऊल मागे सरले. दुसऱ्यांदा लावला तेव्हा पाठ भिंतीकडे करून उभे राहिले. पाठ म्हणजे पॅन्टचे मागचे खिसे. शेवटी तिने मोबाइलवर 'परत करा' दाबलं.

दुपारी कुरिअरची बाई आली. हेल्मेट काखेत धरून तिने पायांकडे पाहिलं, मग मोबाइलमध्ये पाहिलं.

"पॅन्ट ठेवून घेतली तरी चालतंय. पाय तेवढे द्या."

"ते निघत नाहीत हो," केतकी म्हणाली.

"मला दोन पाय उचलायचेत एवढंच दाखवतंय. कुठले ते दाखवत नाही." तिने मोबाइल खिशात टाकला. "बघा बाई लवकर. अजून मिरजेला जायचंय."

उपळेकरांनी पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यातल्या आपल्या पायांकडे पाहिलं. डावा नेहमीसारखा किंचित बाहेर वळलेला होता.

"काहीतरीच!" निर्मलाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी तेल लावून मी या पायांना इथवर आणलंय."

"उद्या दारात उभं राहायचंय मला."

"खुर्ची सांगितलीय की हॉलवाल्याला."

"निर्मला, लेकीच्या लग्नात बसून 'या' म्हणता येत नाही गं."

केतकी नुकत्याच काढलेल्या मेंदीचे हात पसरून उभी होती. "बाबा, माझ्यासाठी नको हं," ती म्हणाली. "तुम्ही बसलात तरी मला चालेल."

"मला नाही चालणार," उपळेकर म्हणाले. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

निर्मलाबाई आत गेल्या आणि तेलाची बाटली घेऊन आल्या. लेंगा गुडघ्यापर्यंत सारून त्यांनी दोन्ही पोटऱ्या चोळल्या, टाचा चोळल्या, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला. मग पदराने तेल टिपलं.

"गाडीवर आखडतात हे," त्यांनी कुरिअरच्या बाईला सांगितलं. "मध्ये जरा थांबवा."

"थांबवते की."

निर्मलाबाईंनी आणि कुरिअरच्या बाईने दोन बाजूंनी काखेत हात घातले. उपळेकर कमरेपासून सुटून वर आले, पातेल्यावरचं झाकण उचलावं तसे, अगदी अलगद. दुखलं काहीच नाही. फ्रीजशेजारचे पाय पुढे आले आणि गुडघ्यांत वाकून थांबले. निर्मलाबाईंनी शर्ट आत खोचला, हूक लावला, बटण लावलं आणि कमरेत बोट घालून पाहिलं.

"एक बोट जातंय," त्या म्हणाल्या. "बरोबर झालीय."

उपळेकर उभे राहिले. पंख्याच्या पात्यांवरची धूळ त्यांना आता पहिल्यांदाच नीट दिसली. ते गॅलरीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. भिंत कुठे लागलीच नाही. छातीवरून कोणीतरी पाटा उचलून नेल्यासारखा त्यांना मोकळा श्वास आला आणि ते मोठ्याने हसले. केतकीही हसली, आणि मेंदी पुसली जाऊ नये म्हणून दंडाने डोळे टिपत राहिली.

लेंगा तोवर खुर्चीतून उठला होता. डावं पाऊल किंचित बाहेर टाकत तो कुरिअरच्या बाईमागून जिना उतरू लागला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, सावकाश. बाईने घाई केली नाही.

उपळेकर गॅलरीत कठडा न धरता उभे राहिले. खाली बाईने स्कूटर सुरू केली, मागच्या सीटवर पाय बसवले आणि आरशात बघून ते नीट बसलेत ना याची खात्री करून घेतली.

"अहो ताई, थांबा!" जिन्यातून निर्मलाबाईंचा आवाज आला. त्यांच्या हातात उपळेकरांच्या चपला होत्या.

स्कूटर थांबली. पायांची दहाही बोटं फाकली आणि हवेत वाट पाहत राहिली.