भिंगरीचा फाटका रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे, आणि या काचेच्या पेटीत बसून बसून पार वैतागलो आहे. समोर पाटी लावली आहे, 'हात लावू नये.' अरे, ज्याला रोज हात लागले, प्रसंगी लाथाही बसल्या, त्याला असं ठेवतात का? तुम्ही येता, काचेला नाक लावता आणि विचारता, "एवढी मोठी रॉक गिटारवाली, तिच्या प्रदर्शनात हे खोकं कशाला?" सांगतो, मित्रांनो. तेवढाच माझाही जीव रमेल.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला घर दिलं ते एका रेडिओ मेकॅनिकने. माझा पहिला मालक मला दुरुस्तीला टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. मेकॅनिकने वर्षभर वाट पाहिली आणि मला दुकानामागच्या दोन खोल्यांत नेऊन ठेवलं. तिथे तो, त्याची मुलगी आणि त्याची थोरली बहीण राहत असत. घरभर कथील वितळल्याचा वास. या माणसाला मोडकी वस्तू बघवायचीच नाही. शेजाऱ्यांची बिजागरी कुरकुरली की हा न बोलावता तेलाची बाटली घेऊन हजर! दुकानातल्या प्रत्येक रेडिओच्या पाठीला तो दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचा. वर लिहायचा 'तक्रार', खाली लिहायचा 'काम'. 'काम' रिकामं ठेवून एकही रेडिओ त्याने दुकानाबाहेर जाऊ दिला नाही.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. जेवताना तिचा पाय हलायचा, अभ्यास करताना बोटं टेबलावर नाचायची. "अगं, जरा बूड टेकशील का एका जागी?" आत्या दिवसातून दहादा ओरडायची. सतराव्या वर्षी तिने कुठूनशी एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार आणली. पण तिचा आवाज मोठा कोण करणार? मेकॅनिकने गिटारची वायर माझ्या पाठीत जोडून दिली. आयुष्यभर बातम्या आणि हवामान सांगणारा मी, त्या दिवशी पायापासून थरथरलो. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं.

मग तो अपघात झाला. भिंगरी वाजवता वाजवता खोलीभर उड्या मारत होती. वायर तिच्या पायात अडकली आणि मी टेबलावरून थेट लोखंडी खुर्चीच्या कोपऱ्यावर आदळलो. ज्यातून आवाज निघतो तो माझा कागदी पडदा चार बोटं फाटला. ती पांढरीफटक पडली. मला उचलून, घाबरत घाबरत तिने एक तार छेडली. आणि माझ्यातून गुरगुरणारा, खरखरीत, अंगावर धावून येणारा आवाज निघाला! मला स्वतःचीच भीती वाटली. भिंगरी मात्र जन्मात पहिल्यांदा स्तब्ध उभी राहिली. "हाच! हाच तो आवाज," ती म्हणाली. तिच्या पोटात जी सततची तडफड होती, ती तिला बाहेर ऐकू आली होती.

वडिलांना तिने काहीच सांगितलं नाही. पडदा फाटला हे कळलं की ते चिकटवणार, याची तिला खात्री होती.

दोन वर्षं अशीच गेली. दिवसा ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायची आणि घरी आली की हात न धुताच माझ्यासमोर बसायची. शेवटी एक संधी आली. रेकॉर्ड काढणारी एक कंपनी सभागृहात सगळ्यांचं वाजवणं ऐकणार होती आणि एकालाच निवडणार होती. आत्याने आधीच बजावलं होतं, "इथे जमलं नाही तर टायपिंगचा क्लास, आणि ती गिटार माळ्यावर." भिंगरी हो म्हणाली होती. त्या आठवड्यात ती धड जेवली नाही, आणि तिच्या पायांच्या ठेक्याने मीही बेचैन झालो.

आदल्या दिवशी ती कामावर गेली आणि मेकॅनिकने माझी पाठ उघडली. त्याला वाटायचं, रेडिओ म्हातारा झालाय, आता इलाज नाही, आणि पोरगी संकोचाने बोलत नाही; पण उद्याची परीक्षा म्हणून आज त्याने बघायचंच ठरवलं. "अरेरे, केवढा फाटलास रे," तो म्हणाला. मी जीव तोडून सांगत होतो, नको, हात लावू नकोस! पण बंद रेडिओचं कोण ऐकतं? त्याने पातळ कागद लावून पडदा इतक्या मायेने चिकटवला की मलाच भरून आलं. चिठ्ठीवर लिहिलं, 'तक्रार : आवाज फाटतो. काम : पडदा चिकटवला.'

गोंद वाळेपर्यंत त्याने मला दुकानात लपवलं आणि तिला सांगितलं, "आज आराम कर, उद्या रेडिओ मी घेऊन येतो." दुसऱ्या दिवशी मला टॉवेलात गुंडाळून तो स्वतः सभागृहात घेऊन आला. भिंगरीने तार छेडली. माझ्यातून गोड, स्वच्छ, शहाणा आवाज निघाला. ती थिजली.

"बाबा, तुम्ही याला हात लावलात?"

"दुरुस्त केला! तुला सांगणार नव्हतो." त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बाबा, तो फाटका आवाजच माझा होता हो." तिचे डोळे भरून आले.

निवड करणाऱ्या बाईंनी चष्मा सारखा करत विचारलं, "वाजवणार आहात, की पुढच्याला बोलवू?"

"दोन मिनिटं द्या, बाई," मेकॅनिक म्हणाला. त्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझी पाठ उघडली. तीस वर्षांत त्या हाताने काही मोडलं नव्हतं. "नेमका कुठे फाटला होता, दाखव," तो म्हणाला. तिने बोट ठेवलं. त्याने डोळे मिटून घेतले आणि स्वतः लावलेलं ठिगळ टरकन फाडलं.

दुखलं का? दुखलं तर! पण मग भिंगरीने तार छेडली आणि खिडक्यांच्या काचा थरारल्या. बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "थांबू नका." पुढे तिचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर तिकीट काढून आलात.

मित्रांनो, वस्तूंना जपा, मोडलं तर दुरुस्तही करा. पण हात लावण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला विचारा. परवाच इथल्या एका भल्या माणसाने माझा पडदा बदलायचा म्हणून मला उघडलं होतं. पण आत बांधलेली पिवळी चिठ्ठी त्याने वाचली आणि मला हळूच बंद केलं. सभागृहातून परतल्यावर मेकॅनिकने पाठीवरची जुनी चिठ्ठी काढून ही आतल्या बाजूला बांधली होती. तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं आहे, 'तक्रार : पडदा फाटका. काम : काही नाही. मुलीचा आहे, असाच ठेवावा.'