गोठ्याचं दार

आमचा व्हिडिओ गेमचा स्टुडिओ बंद होणार ही बातमी नव्या मालकांनी पाठवलेल्या बाईंनी आम्हाला इतक्या नम्रपणे दिली, की भांडायला जागाच ठेवली नाही. आणि मला तर भांडायचं होतं. मालकांचं तोंडही आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी जुन्या मालकांकडून आम्हाला विकत घेतलं, वर्षभर उंटावरून शेळ्या हाकल्या आणि मग शेळ्या परवडत नाहीत असं ठरवलं.

बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. शुक्रवारी दुपारी आमच्या खेळाचं शेवटचं अपडेट बाहेर जाणार, त्यानंतर कुलूप. ज्यांच्याकडे खेळ आहे त्यांच्याकडे तो राहील, पण त्यात यापुढे कधीच काही बदलणार नाही.

"आणि या अपडेटमध्ये नवीन काही घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त बग दुरुस्त करा. बाकी काही नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

आमच्या खेळात तुम्ही एक कुत्रं असता. बंदरावरच्या एका गावात लोक सारखं काही ना काही हरवत असतात. चष्मा, किल्ली, एका पायातला मोजा. ते हुंगत हुंगत शोधायचं आणि ज्याचं त्याच्या घरी पोचवायचं. बस, एवढंच. गोळीबार नाही, मारामारी नाही. असला खेळ कोण खेळणार म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली, आणि मग पोरंबाळं तर खेळलीच, पण त्यांच्या आज्याही चष्मे पुसून खेळायला बसल्या. त्या गावातली प्रत्येक भिंत आणि प्रत्येक कौल काकांच्या हातचं. काका आमचे चित्रकार. गावातली माणसं कधी उठतात, कुठे जातात, दिवेलागणीला घरी कशी परततात, ते सगळं वहिनींच्या डोक्यातून निघालेलं. त्या प्रोग्रॅमर. त्यांचा धाकटा दीर आमच्याकडे आधी होता, त्याच्यामुळे त्या अख्ख्या ऑफिसच्या वहिनी झाल्या. दीर नोकरी सोडून गेला, वहिनी राहिल्या.

आणि मी टेस्टर. दिवसभर तोच खेळ खेळायचा आणि त्यात खोट काढायची, म्हणजे बग शोधायचे. लोकांना वाटतं, काय मजा आहे! कुत्र्याचं डोकं एकाच भिंतीवर दुपारभर आपटून बघा, मग सांगा मजा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला लांबून दिसतं म्हणून इथे माझं नावच कुसळ पडलं. त्या म्हणीचा पुढचा अर्धा भाग माझ्यासमोर बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

या स्वभावापायी आधीच्या नोकऱ्यांमधून मला नारळ मिळाला होता. आई म्हणायची, "तुझ्या हातात चंद्र ठेवला तरी तू त्याचे डाग मोजत बसशील." इथेही पहिल्याच आठवड्यात मी भर मीटिंगमध्ये काकांना सांगितलं, की तुमच्या जिन्याची एक पायरी वाकडी आहे. मीटिंग संपल्यावर काका माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आभारी आहे. मला ती दिसलीच नव्हती." मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या कामात मी जितके बग काढले तितक्या वेळा ते तसेच उठून आले. माझ्या किरकिरीचा कोणाला तरी उपयोग आहे, हे मला त्या माणसामुळे कळलं. आज मी जी काही आहे ती त्यांच्या जिवावर आहे, यात मला काडीचीही शंका नाही.

आमच्याकडे निरोपाची भाषणं नसायची. फुलं नाहीत, भेटवस्तू नाही. जो सोडून जाईल त्याला गावात घर. बाकीच्यांनी ते लपूनछपून बांधायचं, जाणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही, आणि शेवटच्या दिवशी त्याला ते दाखवायचं. वहिनींच्या दिराचं घर दीपस्तंभाशेजारी आहे, दारावर पाटी आहे, "उद्या नक्की करतो". हिशेब बघणाऱ्या मावशींच्या घरातून सारख्या शिंका ऐकू येतात. जुन्या मालकांच्या घराला तर जिनाच नाही, कारण त्यांनी एकही काम कधी पायरीपायरीने केलं नाही. ही सगळी घरं बांधली काकांनी.

आता सगळेच एकदम जाणार होते. आमचं सोडा. आम्ही अजून चार ठिकाणी नोकऱ्या करू, चार ठिकाणी भांडू. काकांचं मात्र हे शेवटचं काम. नजर अधू झाली होती, यानंतर घरी बसणार असं त्यांनीच सांगितलं होतं. ज्याने साऱ्या गावाला घरं दिली त्यालाच घर नाही, आणि शुक्रवारनंतर ते कधीच होणार नाही. मला अन्न गोड लागेना.

"घर म्हणजे नवीनच झालं की," वहिनी म्हणाल्या. आम्ही कॉफीच्या मशीनपाशी कुजबुजत होतो.

"गुपचूप घालू."

"आणि सापडलं तर? अख्खं अपडेट रद्द करतील. लोकांना छळणारे बगही तसेच राहतील. नको गं बाई."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी कप आपटून जागेवर गेले आणि दुसरं काही सुचेना म्हणून खेळ उघडून बसले. गावात संध्याकाळ होत होती. लोक घरोघर परतत होते, खिडक्या उजळत होत्या. चौकात विहिरीपाशी तो उंच माणूस तेवढा उभा होता. मी तशीच उठले आणि वहिनींना हाताला धरून माझ्या स्क्रीनसमोर आणलं.

हा माणूस काकांनी अगदी सुरुवातीला मापासाठी बनवला होता. दार असो, बाक असो, खिडकी असो, आधी याच्या शेजारी ठेवून बघायची आणि मग गावात बसवायची. चेहरा कोणाचा द्यायचा म्हणून काकांनी स्वतःचाच दिला. तेव्हा त्यांचे केस काळे होते. काम झाल्यावर त्याला काढून टाकायचं राहून गेलं. खेळणाऱ्यांची पत्रं यायची, तो घरी का जात नाही? आम्ही हसायचो आणि पुढच्या कामाला लागायचो.

"वहिनी," मी म्हटलं, "हा बग आहे."

वहिनी क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिल्या. "अगं," त्या म्हणाल्या, "आहेच की!"

मी तो रीतसर नोंदवला. चौकातल्या माणसाला घर नाही, त्यामुळे अंधार पडल्यावरही तो बाहेरच राहतो. बग किरकोळ, मोठा की गंभीर ते लिहावं लागतं. मी गंभीर लिहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली मी नाही. लॅपटॉप उचलला आणि सरळ बाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"गंभीर कसा?" बाईंनी वाचून विचारलं. "यामुळे खेळ बंद पडतो का?"

"नाही."

"मग?"

"माणूस बाहेर आहे," मी म्हटलं. "तुम्हीच बघा."

त्यांनी संध्याकाळ होऊ दिली. कोळी जाळी गुंडाळून गेले, शिंकणाऱ्या मावशी गेल्या, शेवटची खिडकी उजळली. तो उभाच. बाई स्क्रीनच्या जवळ सरकल्या. मग त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. तिथे काका आपला कप वर्तमानपत्रात गुंडाळत होते. त्यांनी परत स्क्रीनकडे पाहिलं, परत काकांकडे.

"हे कधीपासून असं आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"दुरुस्त करायला काय लागेल?"

"एक घर."

"एकच ना?"

"एकच."

"मग बग आहे हा," बाई म्हणाल्या. "करा दुरुस्त. पण शुक्रवारी अपडेट गेलं की गेलं. त्यानंतर मीसुद्धा काही करू शकणार नाही."

झालं! त्यांचा राग राग करायची माझी सोयच गेली. मी म्हटलं, "आभारी आहे," आणि ते अगदी मनापासून होतं.

लग्न पहावं करून आणि घर पहावं बांधून म्हणतात. लग्नाचं मला माहीत नाही, घराचं मात्र अगदी खरं आहे. काकांच्या हाताखालचे चित्रकार आधीच दुसरीकडे रुजू झाले होते. वहिनींना चौकोन काढता येत नाही. राहिले मी. काकांचं सामान तेवढं नीट लावलेलं होतं, भिंती एकीकडे, खिडक्या एकीकडे, कौलं एकीकडे, कुठे शोधाशोध नाही. त्यांच्याच भिंती घेऊन त्यांचंच घर उभं करायला बसले, तर भिंत सरळ केली की छप्पर हवेत तरंगे आणि छप्पर खाली आणलं की खिडकी अर्धी झाके.

"हे घर आहे की चेपलेला डबा?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही त्याला घरचा रस्ता शिकवा," मी म्हटलं. "घराचं मी बघते."

एकदा काका अचानक मागे येऊन उभे राहिले. मी घाईघाईने स्क्रीनवर दुसरंच काहीतरी पुढे आणलं.

"काय चाललंय, कुसळ?"

"काही नाही, काका. एक कावळा भिंतीतून आरपार जातोय."

"जाऊ दे," काका म्हणाले. "सगळ्यांनाच घाई झालीय."

घर विहिरीच्या समोरच बांधत होते आणि चौकातला माणूस सारखा मध्ये येत होता, म्हणून काम होईपर्यंत त्याला उचलून बाजूला ठेवलं. भिंती अखेर जागेवर बसल्या. दारांमध्ये मला एक निळं दार सापडलं, रंग जुना, कडी हाताने घासून चकाकलेली. असं दार काकाच करू जाणे. मी तेच बसवलं. मग माझ्या पद्धतीने तपासलं. कुत्रं आत नेलं, बाहेर आणलं, भिंतींवर आपटलं, छपरावर चढवलं, पावसात बसवलं. एक चूक सापडली नाही. माझं काम मीच तपासून पास केलं आणि शुक्रवारी अपडेट गेलं.

त्या दुपारी आम्ही काकांना मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं. बाई मागे उभ्या राहिल्या. गावात दिवेलागण झाली, लोक निघाले, आणि विहिरीपाशी उभा असलेला तो माणूस वळून चालायला लागला.

"अरे!" काका ताठ बसले. "हा कुठे चालला?"

कॅमेरा त्याच्या मागून गेला आणि समोर घर आलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढे वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कुसळ," ते हळूच म्हणाले, "हे शेळ्यांच्या गोठ्याचं दार आहे."

माझी पाचावर धारण बसली. दार त्या माणसाच्या छातीएवढं होतं. मी कुत्र्याला घेऊन तपासलं होतं आणि कुत्रं कुठूनही जातं. मापाचा माणूस मीच उचलून बाजूला ठेवला होता, तोही दार बसवायच्या वेळी! म्हणीतलं ते मुसळ मला तेव्हा दिसलं. आता काही बदलता येणार नव्हतं. जगभरच्या लोकांसमोर हा माणूस रोज संध्याकाळी आपल्याच घराच्या चौकटीवर कपाळ आपटत उभा राहणार होता. इतकी वर्षं बाहेर ठेवला, आणि घर दिलं तेही असं.

तो दारापाशी जाऊन थांबला. मला बघवेना, तरी बघत होते.

मग तो कमरेतून वाकला. सावकाश, खाली, अगदी खाली. क्षणभर तसाच राहिला आणि आत गेला. खिडकीत दिवा लागला.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

वहिनींचा हात तोंडावर होता. "दोऱ्या," त्या म्हणाल्या. "गल्ल्यांमध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत ना, त्यांच्याखालून जाताना उंच माणसांनी वाकायचं, असं मी केव्हातरी शिकवून ठेवलं होतं. मी विसरूनही गेले होते गं."

"परत दाखवा," काका म्हणाले.

आम्ही परत संध्याकाळ केली. तो परत आला, थांबला, वाकला, आत गेला.

"रोज असंच करणार?"

"रोज," मी म्हटलं. "आता कोणालाच बदलता येणार नाही. काका, माझं चुकलं, मी तुमचं..."

"गप गं." काकांचा आवाज फुटला होता आणि ते लपवायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. "आठवडाभर विचार करतोय, निघताना काय बोलावं. तुम्हाला, या खेळणाऱ्या लोकांना. इतकी वर्षं त्यांनी घरात घेतलं आपल्याला. शब्दच सापडत नव्हते." त्यांनी उजळलेल्या खिडकीकडे बोट केलं. "तो वाकून म्हणाला बघ. आणि रोज म्हणत राहील."

वहिनी उघड रडत होत्या. काकांनी डोळे पुसले, शेजारची खुर्ची ओढली आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले, "बसा ना. अजून एकदा बघू."