भिंतीच्या भावात विकलेली फळी

मी प्लायवूडची एक फळी बोलतेय. टिचकी मारली तर पोकळ वाजते, तीच. पण भाडं ठरवताना मात्र मला भिंत म्हणतात.

कारखान्यात लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून मला घडवलं, तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी अभ्यासाचं टेबल होईन. पण नशिबात घरमालक होता. सगळे त्याला काका म्हणत. पुतण्यासारखं त्याने कुणालाच वागवलं नाही, ती गोष्ट वेगळी. त्याने मला एका खोलीच्या मधोमध ठोकलं. खोल्या दोन झाल्या, भाडं काही अर्धं झालं नाही. खिडकी एकच, तीही माझ्यामुळे दुभंगली. उघडणारी काच एकीकडे, कायमची बंद काच दुसरीकडे. जाहिरातीत दोन्ही खोल्या 'खिडकीच्या, हवेशीर'.

उघडत्या बाजूला शिलाईकाम करणारी ताई आणि तिची मुलगी राहायला आल्या. मुलीची शाळा समोरच होती, म्हणून एवढं भाडं पोटाला चिमटा काढून द्यायचं. बंद बाजूला बेकरीत काम करणारा दादा. दुपारी तो माझ्या फटीला तोंड लावून म्हणायचा, "ताई, खिडकी उघडा की. तुमची उरलेली हवा इकडे येऊ द्या."

"हवेचं भाडं मी भरते, दादा. फुकट मिळायची नाही," ताई म्हणायची आणि खिडकी उघडायची.

माझ्यातून शिंकसुद्धा आरपार जायची. म्हणून दोघांनी एक रीत पाडली. खासगी बोलायचं असेल तर माझ्यावर दोन टिचक्या मारायच्या. मग पलीकडच्याने आपला रेडिओ मोठा करायचा. मालकाने जो आब राखला नाही, तो या दोघांनी दोन टिचक्यांत राखला.

एक दिवस काका ताईकडे आला. दारातच म्हणाला, "भाडं दीडपट करतोय. पलीकडचा तयार झालाय. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, माणसं रांगेत उभी आहेत."

ताईने टिचकी मारली नाही. पलीकडे रेडिओ बंदच होता.

"काका," माझ्या पाठीमागून आवाज आला, "मी कधी तयार झालो हो? काल तर तुम्ही मला सांगितलंत की ताई तयार आहेत."

मुलगी फिस्सकन हसली. काका माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच चहाडी केली. अरे, कंजुषी तुझी! विटांचे पैसे वाचवायला मला उभं केलंस, मग मी विटेसारखी गप्प कशी बसेन?

त्या महिन्यात भाडं वाढलं नाही. मी आयुष्यात एवढी ताठ कधी उभी राहिले नव्हते.

पण ज्याच्या हातात किल्ली, त्याला हरवणं सोपं नसतं. त्याने आधी दादाला काढलं. मग मला उखडून बाहेरच्या जिन्यात टेकवलं आणि माझ्या जागी विटांची भिंत उभी केली. बंद बाजूला नवीन बिऱ्हाड आलं. काका पुन्हा ताईच्या दारात. "पक्की भिंत घालून दिली तुम्हाला. पलीकडचे दुप्पट देतात."

जिन्यातून मला आत दिसत होतं. ताईने भिंतीला कान लावला. नुसताच लावून ठेवला. वीट बोलत नाही.

परीक्षा तोंडावर असताना ताईने मशीन उचललं. शहराच्या पार टोकाला खोली मिळाली होती. मुलगी दप्तर घेऊन जिना उतरताना माझ्यापाशी थांबली. तिने दोन टिचक्या मारल्या. रेडिओ मोठा करायला पलीकडे कुणीच नव्हतं.

मला संताप येतो तो एकट्या काकाचा नाही. 'शहरात असंच असतं' म्हणणाऱ्या सगळ्यांचा येतो. हवा, उजेड, शाळा जवळ म्हणून मिळणारी सकाळची झोप, सगळं मापून विकलं जातं आणि तुम्ही त्याला 'बाजारभाव' म्हणून मोकळे होता.

आता मी गच्चीवर आहे. पाण्याच्या टाकीला लागून काकाने मला पुन्हा ठोकलंय, वर पत्रा टाकलाय. खाली पाटी लागली आहे: 'हवेशीर खोल्या भाड्याने.' खोल्या, म्हणजे माझ्या दोन्ही बाजूंना.

जे कुणी इथे राहायला याल, त्यांना एवढंच सांगते. भाडं वाढवायला तो येईल, तेव्हा टिचकी मारू नका. मोठ्याने बोला. मी जमेल तेवढी पातळ राहीन.